चाँद दिसला, पण जाहीर कधी करायचा?

एकोणतिसाव्या रोजाची संध्याकाळ आपल्या प्रत्येक घराच्या ओळखीची आहे. गच्चीवर सगळे पश्चिमेकडे डोळे लावून उभे असतात. कुणी म्हणतं दिसला, कुणी म्हणतं ढगाची कड होती. चाँद कमिटी गवाह तपासत बसलेली असते. घोषणेला उशीर झाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "त्यांना कळलंय, सांगत नाहीत."

हेच वाक्य परवा आठवीच्या वर्गात वेगळ्या विषयावर ऐकलं. एका मुलीने मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला होता. "टीचर, नासाला दुसऱ्या ग्रहावरचे लोक सापडलेत, पण लपवून ठेवतात. खरं का?" सापडल्याचा पुरावा आजवर कुणी दिलेला नाही, एवढं सांगून आम्हाला पुढचा पाठ घेता आला असता. पण मुलीचा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. लपवावं की सांगावं, याचा विचार खुद्द नासाने करवून घेतला होता.

अमेरिकेतील ब्रुकिंग्ज संस्थेने १९६० साली नासासाठी एक अहवाल तयार केला. अवकाश संशोधनाचे समाजावर काय परिणाम होतील, हा त्याचा विषय. त्यात थोडा भाग परग्रहावरील जीवांबद्दल होता. अनोळखी, अधिक बलवान समाजाशी गाठ पडल्यावर काही समाज मोडून पडल्याची उदाहरणं इतिहासात आहेत, म्हणून अशी बातमी कोणत्या परिस्थितीत सांगावी किंवा रोखून धरावी याचा अभ्यास करावा, असं त्यात सुचवलं होतं. गंमत म्हणजे, सर्वात मोठा धक्का कदाचित शास्त्रज्ञांना आणि इंजिनिअरांना बसेल, असंही तो म्हणतो. श्रद्धाळू माणूस कोलमडेल म्हणून लपवतात, असं सांगणारे हे विसरतात. रोज नमाजमध्ये 'रब्बुल आलमीन' म्हणणाऱ्याला 'आलम' हा शब्द तिथे अनेकवचनी आहे, हे काही नव्याने शिकवावं लागत नाही.

पण अहवाल हा कागद झाला. खरोखर असा प्रसंग उभा राहिला तेव्हा माणसं कशी वागली?

१९६७ साल, इंग्लंडमधील केंब्रिज. जोसलिन बेल ही चोवीस वर्षांची विद्यार्थिनी साडेचार एकरांवर खांब आणि तारा लावून उभारलेल्या रेडिओ दुर्बिणीवर काम करत होती. ती उभारताना तिने स्वतः घण चालवले होते. दुर्बिणीतून रोज जवळपास शंभर फूट कागद बाहेर पडायचा आणि त्यावरची रेघ ती डोळ्यांनी तपासायची. ऑगस्टमध्ये तिला एक विचित्र खूण दिसली. नोव्हेंबरअखेर वेगाने कागद फिरवून पाहिलं तर दर १.३३ सेकंदाला एक ठोका, घड्याळासारखा नियमित. निसर्गात असं काही तोवर कुणी पाहिलं नव्हतं. गटाने थट्टेत नाव ठेवलं 'हिरवी छोटी माणसं'. पण नाताळाच्या सुमारास तिचे मार्गदर्शक अँटनी ह्युइश यांच्या खोलीत गंभीर चर्चा झाली, हे जाहीर करायचं तर कसं? ते खरोखर कुणाचे संदेश असतील तर आधी कुणाला सांगायचं? जोसलिन मात्र वैतागली होती. तिला पीएचडी पूर्ण करायची होती आणि या हिरव्या माणसांना नेमकी तिचीच दुर्बीण सापडली होती!

त्याच दिवसांत तिला आकाशाच्या दुसऱ्या टोकाला तसाच ठोका मिळाला. दोन दिशांचे परके एकाच वेळी, एकाच तऱ्हेने पृथ्वीला हाक मारतील हे संभवत नव्हतं. ते होते पल्सार, स्वतःभोवती गरगर फिरणारे अतिघन मृत तारे. फेब्रुवारी १९६८ मध्ये 'नेचर' साप्ताहिकात शोध छापून आला. मधले काही महिने बाहेर कुणाला कळलं नाही. याला लपवणं म्हणायचं की गवाह तपासणं?

१९८९ मध्ये शास्त्रज्ञांनी यासाठी नियमच लिहून काढले. संकेत मिळाला तर आधी इतरांकडून खात्री करून घ्यावी, मग जगाला उघड सांगावं, आणि विचारविनिमयाशिवाय उत्तर पाठवू नये. कायदा नव्हे, आपसातला करार.

सरकारं मात्र खरंच लपवतात, हेही मुलांना सांगायला हवं. १९४७ मध्ये रॉसवेल इथे पडलेले तुकडे हवामानाच्या फुग्याचे आहेत, असं अमेरिकी लष्कराने सांगितलं. १९९४ मध्ये त्यांच्या हवाई दलाने मान्य केलं की तो रशियाचे अणुस्फोट टिपण्याच्या गुप्त प्रकल्पाचा फुगा असावा. पुढे यू-२ हे हेर विमान इतक्या उंचीवर उडायचं की खालच्यांना ते तबकडी वाटे. ते आपलंच विमान आहे, हे सरकार कसं सांगणार? तेव्हा खोटं बोललं गेलं ते परग्रहवासीयांसाठी नव्हे, शेजारच्या शत्रूसाठी. उलट १९९६ मध्ये मंगळावरून आलेल्या उल्केत सूक्ष्म जीवांच्या खुणा असाव्यात असं वाटलं, तेव्हा अध्यक्ष क्लिंटन स्वतः बोलायला पुढे आले. त्या खुणांवर पुढे अनेकांनी शंका घेतल्या.

हे ऐकून त्या मुलीने विचारलं, "टीचर, जोसलिनला मग बक्षीस मिळालं?" पल्सारच्या शोधाचं नोबेल १९७४ मध्ये मिळालं, पण ह्युइश यांना. वर्ग एकदम गप्प झाला. मग सांगितलं, २०१८ मध्ये तिला तीस लाख डॉलरचा मोठा पुरस्कार मिळाला आणि तिने सगळी रक्कम संधी न मिळालेल्या मुलामुलींना भौतिकशास्त्र शिकता यावं म्हणून देऊन टाकली. आपल्या नारायणगावजवळ खोडदला तीस प्रचंड तबकड्यांची दुर्बीण आहे, तीही पल्सारचे ठोके ऐकते. आता वर्गाचा हट्ट आहे की सहल तिथेच न्यायची.