उमेदवाराची भूमिका : शोधावी कोठे, वाचावी कशी?

निवडणूक जाहीर झाली की आमच्या वसई परिसरात उमेदवारांची पावले चर्चच्या आवाराकडे वळू लागतात. रविवारची मिस्सा आटोपलेली असते, धर्मग्रामातील माणसे प्रांगणात बोलत उभी असतात, आणि चार कार्यकर्त्यांसह कोणीतरी हात जोडून येते. त्या वेळी विचारले जाणारे प्रश्न आता आम्हांला पाठ झाले आहेत. नळाला पाणी केव्हा येणार, एसटीच्या फेऱ्या का घटल्या, दफनभूमीकडे जाणाऱ्या रस्त्याचे काय झाले? प्रश्न रास्तच आहेत. परंतु लोकसभेच्या निवडणुकीत त्यांचा पत्ता चुकलेला असतो. यांतील बहुतेक गोष्टी महानगरपालिका, ग्रामपंचायत वा राज्य शासन यांच्या हाती असतात. दिल्लीला जाणारी व्यक्ती ज्यांवर मत देणार आहे ते विषय निराळे आहेत : शेतमालाचा भाव, विवाह व वारसा यांचे कायदे, परदेशी देणग्या, बंदरे, आरक्षण. त्यांविषयी उमेदवाराला कोणी छेडल्याचे आम्ही क्वचितच ऐकले.

याची किंमत मोजावी लागते, ती कशी ते पाहू. पालघर मतदारसंघात २० मे २०२४ रोजी मतदान झाले आणि ४ जूनला निकाल लागला. त्यानंतर अवघ्या पंधरा दिवसांनी, १९ जूनला, केंद्रीय मंत्रिमंडळाने डहाणूजवळच्या वाढवण बंदराला मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज ७६,२२० कोटी रुपये. ३० ऑगस्टला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणीही झाली. किनाऱ्यावरील मच्छीमारांचा विरोध कित्येक वर्षांचा होता. कोणाला हा विषय अनपेक्षित नव्हता. बंदर हवे की नको याबद्दल आमच्या वाचकांत दोन मते असतील. परंतु तो प्रश्न मे महिन्यात प्रत्येक उमेदवाराला विचारून त्याचे उत्तर पदरात पाडून घेण्याचा होता, हे दोन्ही बाजूंना मान्य व्हावे.

आता उमेदवाराची भूमिका शोधायची तरी कोठे? पुष्कळांची समजूत अशी की शपथपत्रात सारे मिळते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निर्णयांमुळे प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्जे, शिक्षण आणि फौजदारी खटले यांची माहिती शपथेवर द्यावी लागते. ‘नमुना २६’ म्हणतात तो हाच. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर तो कोणालाही वाचता येतो आणि तो अवश्य वाचावा. मात्र उमेदवार कसा आहे एवढेच त्यातून कळते. तो संसदेत काय करील यासाठी त्यात एकही रकाना नाही.

ते कळण्यासाठी पक्षाकडे पाहावे लागते, आणि याचे कारण कायद्यातच आहे. १९८५ साली बावन्नाव्या घटनादुरुस्तीने संविधानाला दहावे परिशिष्ट जोडण्यात आले. पक्षादेश, म्हणजे ज्याला आपण व्हिप म्हणतो, तो मोडून एखाद्या खासदाराने मतदान केले वा तो गैरहजर राहिला, आणि पक्षाने पंधरा दिवसांत त्याला माफ केले नाही, तर त्याचे सदस्यत्व जाऊ शकते. चर्चच्या आवारात मृदू शब्दांत ‘माझे वैयक्तिक मत तुमच्या बाजूचे आहे’ असे सांगणारा उमेदवार खोटे बोलत असेलच असे नाही. पण ते वैयक्तिक मत पक्षादेश निघताच सभागृहाबाहेर राहते. अपक्षावर असा आदेश चालत नाही. २०२४ साली सांगलीतून विशाल पाटील अपक्ष म्हणून निवडून आले. अशा सदस्याने नंतर एखाद्या पक्षात रीतसर प्रवेश केला तर मात्र तोही अपात्र ठरतो. (पक्षांतरबंदीचा कायदा असूनही २०२२ साली शिवसेनेत आणि २०२३ साली राष्ट्रवादीत जे घडले, ते महाराष्ट्राच्या मतदाराला आम्ही नव्याने सांगायला नको.)

म्हणून जाहीरनामा वाचणे आले. तो कोणी वाचत नाही, अशी थट्टा होते. २०१४ साली भारतीय जनता पक्षाचा जाहीरनामा मतदानाचा पहिला टप्पा सुरू झाला त्याच दिवशी प्रसिद्ध झाला होता. २०१९ पासून मतदानापूर्वीच्या अखेरच्या अठ्ठेचाळीस तासांत जाहीरनामा काढण्यास निवडणूक आयोगाने मनाई केली आहे. सावकाश वाचल्यास त्यांतील शब्दच पुष्कळ काही सांगून जातात. २०२४ मध्ये शेतकऱ्यांच्या हमीभावाबद्दल भाजपने तो वेळोवेळी वाढवत राहण्याचे आश्वासन दिले, तर काँग्रेसने त्याला कायद्याची हमी देऊ असे म्हटले. ऐकायला दोन्ही सारखेच वाटते. प्रत्यक्षात पहिल्यात भाव ठरवणे सरकारच्या इच्छेवर राहते, तर दुसऱ्यात शेतकऱ्याला हक्क मिळतो, पण त्याचा बोजा सरकारी तिजोरीवर किती पडेल हा प्रश्नही उभा राहतो. एकत्र निवडणुकांना भाजपचा पाठिंबा होता, काँग्रेसचा विरोध होता. १७ डिसेंबर २०२४ रोजी ते विधेयक लोकसभेत मांडले गेले तेव्हा बाजूने २६९ व विरोधात १९८ मते पडली.

समान नागरी कायद्यावर तर आम्ही थोडे थांबून बोलू, कारण तो आपल्या घरात शिरणारा विषय आहे. भाजपच्या जाहीरनाम्यात तो आणण्याचे वचन होते. काँग्रेसने व्यक्तिगत कायद्यांतील सुधारणेला उत्तेजन देऊ, पण ती त्या त्या समाजाच्या सहभागाने व संमतीने व्हावी, अशी भूमिका घेतली. आज महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबाला १८७२ चा विवाह कायदा, १८६९ चा घटस्फोट कायदा आणि १९२५ चा वारसा कायदा लागू होतो. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा चालू आहे. उत्तराखंडने २७ जानेवारी २०२५ पासून आपला स्वतंत्र कायदा अमलात आणला, त्यातून अनुसूचित जमातींना वगळले. तेव्हा ‘समान नागरी कायद्याला तुमचा पाठिंबा आहे का’ एवढेच विचारून भागणार नाही. आदिवासींसाठी राखीव असलेल्या आमच्या मतदारसंघात उमेदवाराला पुढचा प्रश्न विचारावा लागेल : कोणता मसुदा, आणि त्यातून कोणाला वगळणार?

जाहीरनामा म्हणजे करारपत्र नव्हे, हेही ध्यानात असावे. २०२४ मध्ये देशव्यापी जातगणनेचे वचन काँग्रेसने दिले होते. प्रत्यक्षात आगामी जनगणनेत जातींची नोंद घेण्याचा निर्णय ३० एप्रिल २०२५ रोजी भाजपच्या नेतृत्वाखालील मंत्रिमंडळाने घेतला.

उरतो तो मतदानाचा दाखला. मावळता खासदार पुन्हा उभा असेल तर त्याने पूर्वी कसे मत दिले, हे पाहणे सर्वांत खात्रीचे. सप्टेंबर २०२३ मध्ये महिला आरक्षणाचे विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत झाले. विरोधातील दोघांपैकी एक आमच्या राज्यातील, औरंगाबादचे इम्तियाज जलील होते. ओबीसी व मुस्लिम स्त्रियांसाठी त्यात वेगळा वाटा नाही, हे त्यांचे कारण. पटो वा न पटो, त्यांची भूमिका नावानिशी नोंदलेली आहे.

सगळेच कायदे असे नोंदवले जात नाहीत. कोणी सदस्याने मतविभागणीची मागणी लावून धरली नाही तर विधेयक आवाजी मतदानाने संमत होते. ‘होय’चा आवाज मोठा की ‘नाही’चा, हे अध्यक्ष ठरवतात आणि कोणाचेच नाव कागदावर येत नाही. परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्यातील २०२० ची दुरुस्ती दोन्ही सभागृहांत याच मार्गाने गेली. राज्यसभेत तर त्या दिवशी बहुतांश विरोधी बाके रिकामी होती. या दुरुस्तीने एका संस्थेने दुसरीला परदेशी निधी देण्यास बंदी घातली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून वीस टक्क्यांवर आणली, आणि पैसा प्रथम दिल्लीतील स्टेट बँकेच्या एकाच शाखेत यावा असे ठरवले. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. मोठ्या संस्थेकडून मिळणाऱ्या मदतीवर चालणारे छोटे दवाखाने व वसतिगृहे यांना तिचा थेट फटका बसणार होता. असे असूनही, ‘त्या दिवशी आपण काय मत दिले?’ असा प्रश्न आपल्या खासदाराला केला, तर त्याचे उत्तर पडताळून पाहण्याची सोय आपल्यापाशी नाही.

दलित ख्रिस्ती बांधवांच्या हक्काचीही गत अशीच आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता राखला. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला. धर्माची अट काढावी, अशी शिफारस रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली केली. २०२२ साली सरकारने न्यायमूर्ती बाळकृष्णन यांचा आणखी एक आयोग नेमला. या काळात केंद्रात वेगवेगळ्या पक्षांची सरकारे येऊन गेली. तिसरा परिच्छेद वगळण्याच्या बाजूने आपण उभे राहाल का, आणि तसे विधेयक आले तर नावानिशी मतविभागणी मागाल का, हे दोन प्रश्न आम्ही आमच्या पुढच्या उमेदवारभेटीसाठी लिहून ठेवले आहेत.