हळू बोला, शेकरू घरी आहे!

शुक्रवारी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास अडकल्यावर ठरवलं, बस्स! या वीकएण्डला मॉल नाही, मूव्ही नाही. शनिवारी पहाटे आम्ही चौघं मंचर, घोडेगाव, डिंभे करत आहुप्याच्या रस्त्याला लागलो. मिशन एकच : शेकरू बघायचं!

शेकरू म्हणजे महाराष्ट्राचा राज्यप्राणी. (नाही, वाघ नव्हे!) तांबूस अंगाची, शेपटीसकट जवळजवळ तीन फुटांची ही खार सहसा जमिनीवर उतरतच नाही. फांदीवरून फांदीवर उड्या मारतच तिचा संसार चालतो.

देवराईत शिरलो आणि पंधरा मिनिटांत वर पानं हलली. ‘दिसलं!’ मी जोरात किंचाळले. अर्धवट खाल्लेलं फळ टपकन खाली पडलं आणि शेकरू गायब. सोबतचे गावातले दादा शांतपणे म्हणाले, ‘‘ताई, आरडलं की ते जातंय. तुमी सांजच्याला घरी जाल, त्याला हितंच ऱ्हायाचंय.’’

खरं सांगते, लाजच वाटली.

मग दादांनी घरटी दाखवली. काटक्या-पानांचे मोठे गोळेच! एकाच शेकरूची अशी बरीच घरटी असतात, तीही शत्रूला पोचता येणार नाही अशा बारीक फांद्यांवर. पण फांद्यांना फांद्या भिडल्या, तरच हा उंचावरचा रस्ता चालू राहतो. मधली चार झाडं तोडली, की शेकरूसाठी पूलच कोसळला.

जगाच्या यादीत शेकरू अजून ‘संकटग्रस्त’ नाही; पण त्याचं रान तुटक होत गेलं, तर यादी काय कामाची? सह्याद्रीतली कितीतरी झाडी कोळशासाठी गेली. देवराया मात्र टिकल्या, कारण देवाच्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, हा गावाचाच कायदा. पुण्याच्याच डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात या रायांचा अभ्यास करून त्यांचं मोल जगापुढे मांडलं.

भीमाशंकर अभयारण्य झालं 1985 मध्ये. म्हणजे राखण आधीची, बोर्ड नंतरचा! पण बोर्डाबरोबर नियम आले आणि पिढ्यान् पिढ्या रान राखणारे महादेव कोळी स्वतःच्याच जंगलात परके ठरू लागले. इथल्या घरांना रोख पैसा देतो तो हिरडा. झाड उभं राहिलं तरच दरवर्षी हिरडा; म्हणजे माणसाचं पोट आणि शेकरूचं घर एकाच फांदीवर. 2006 च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक हक्क मागायची वाट दिली. जवळच्या येळवलीत पुण्याच्या ‘कल्पवृक्ष’ संस्थेने गावकऱ्यांसोबत हक्क आणि निसर्गपर्यटन, दोन्हींवर काम केलं.

दुपारी दादांच्या घरी नाचणीची भाकरी जेवलो. परतीच्या वाटेवर पुन्हा पानं हलली. या वेळी चौघंही गप्प. शेकरूने आमच्याकडे बघितलं आणि निवांत खात बसलं. फोटो? हललेला आला. चालतंय!

तुम्ही जाताय? मग एवढं कराच
* गावातलाच वाटाड्या घ्या, जेवण गावातच सांगा. पैसा रान राखणाऱ्यांकडे जाऊ द्या.
* म्युझिक गाडीतच बंद करा.
* शेकरूला वेफर्स, बिस्किटं नकोत. त्याचा डबा झाडावरच आहे.
* देवराईतून काहीही उचलू नका, अगदी वाळकी काटकीसुद्धा!