माठ कोरडा, आवाज चिरका

सीताबर्डीच्या बाजारातून टीव्ही गेमची कॅसेट आणून सुट्टीभर खेळलेली पिढी आता तेच गेम लॅपटॉपवर इम्युलेटर, म्हणजे जुन्या गेम-यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, टाकून खेळते. चित्र झकास येतं, पण आवाज चरचरतो. दोष बहुधा स्पीकरचा नसतो.

उन्हाळ्यातली बर्डीवरची पाणपोई आठवा. भरणारा जरा रेंगाळला तरी माठात साठा असेतो तहानलेल्याची ओंजळ भरते. इम्युलेटरमधला बफर म्हणजे हाच माठ. साउंड कार्ड सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने मागतं. सेकंदाला ६० चित्रं धरली, तर एका चित्रामागे ८०० नमुने आणि वेळ जेमतेम १६.७ मिलिसेकंद. लॅपटॉपला दर चित्राला २५ मिलिसेकंद लागू लागले की माठ आटतो, ध्वनिलहर मध्येच तुटते. ती तुटलेली कड म्हणजेच चरचर.

उपाय क्रमाने करा. चार्जर लावा, बॅटरी-बचत बंद करा. मागे चालणारे प्रोग्राम बंद करा. इम्युलेटरच्या सेटिंगमध्ये ऑडिओ सिंक चालू आहे ना, पाहा. मग ऑडिओ लेटन्सी, म्हणजे माठाची खोली, थोडी थोडी करत ६४ मिलिसेकंदांपर्यंत वाढवा. फार वाढवलीत तर गेममधली उडी आधी दिसेल, आवाज मागून येईल. चरचर थांबेल तिथेच थांबा. बालपणीची ती धून पुन्हा स्वच्छ वाजेल.