आजोबांच्या घड्याळाचे विझलेले आंकडे

पुष्कळ घरांच्या कपाटांत आजोबांचें एखादें मनगटी घड्याळ जपून ठेवलेलें असतें. एके काळीं अंधारांत हिरवट चमकणारे त्याचे आंकडे आतां विझलेले असतात. ते नवा रंग देऊन पुन्हां उजळावेत, अशी इच्छा होणें स्वाभाविक आहे. परंतु तत्पूर्वीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी.

सुमारें १९६० पूर्वीच्या अशा बहुतेक तबकड्यांच्या रंगांत रेडियम व झिंक सल्फाइड हीं मिसळलेलीं असत. प्रकाश देई तें झिंक सल्फाइड. रेडियम आपल्या किरणांनीं त्याला अखंड चेतवीत राही. त्या माऱ्यानें झिंक सल्फाइडाचे स्फटिक कांहीं वर्षांतच निकामी होतात. रेडियम मात्र निम्में होण्यास १६०० वर्षें लागतात. म्हणजे उजेड गेला, तरी विस्तव तसाच आहे.

अमेरिकेंत न्यू जर्सी व इलिनॉय येथील कारखान्यांत हा रंग देणाऱ्या मुली कुंचल्याचें टोंक ओठांनीं सारखें करीत. रेडियम पोटांत जाऊन त्यांच्या जबड्यांचीं हाडें कुजलीं. कित्येक जणी दगावल्या. न्यू जर्सीतील पांच जणींच्या दाव्यांत १९२८ सालीं तडजोड झाली.

म्हणून घरीं कांच काढून जुना रंग खरवडूं नये. त्याची भुकटी श्वासावाटें शरीरांत जाणें हाच मोठा धोका. दुरुस्तीस देतांना घड्याळजीलाही आधींच सांगावें. असें घड्याळ मुलांच्या हातीं देऊं नये, उशाशीं ठेवूं नये. रात्रीं वेळ पाहण्यास स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट लावलेलीं, किरणोत्सर्ग नसलेलीं नवीं घड्याळें मिळतात. आजोबांचे आंकडे आहेत तसेच राहूं द्यावेत.