गर्भिणी, मद्य आणि आपली आसवारिष्टे

गर्भोपघातकर भावांचे विवेचन करताना चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात नित्य मद्यपान करणाऱ्या गर्भिणीचा स्वतंत्र उल्लेख केला आहे. तिचे अपत्य तृषाळू, अल्पस्मृती किंवा अस्थिर चित्ताचे निपजते, असे ते सांगतात. आधुनिक वैद्यकात १९६८ साली फ्रान्समधील नांत येथे लेमोइन यांनी मद्यपी पालकांच्या १२७ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. १९७३ मध्ये सिएटल येथील जोन्स व स्मिथ यांनी या लक्षणसमुच्चयास ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ असे नाव दिले. खुंटलेली वाढ व चेहऱ्याची विशिष्ट ठेवण यांबरोबरच स्मृती आणि अवधान यांतील वैगुण्य हे त्याचे लक्षण होय. चरकोक्तीशी असलेले हे साम्य आपल्या व्यासपीठांवरून अभिमानाने सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे.

अमेरिकेत १९८१ साली सर्जन जनरलने गर्भिणींना मद्य वर्ज्य करण्याचा सल्ला दिला व १९८९ पासून बाटलीवर तशी सूचना आली. फ्रान्समध्ये २००७ पासून, तर ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये २०२३ पासून अशी सूचना बंधनकारक झाली. आपल्याकडे २०१९ पासून बाटलीवर आरोग्यास अपाय आणि वाहन चालविणे यांविषयी इशारा असतो; त्यात गर्भिणीचा उल्लेख नाही. अर्थात केवळ सूचनेने व्यसन सुटत नाही. अमेरिकेतील काही राज्यांनी दंडात्मक कायदे केले, पण शिक्षेचे भय असलेली स्त्री तपासणीलाच येईनाशी होते. दोष न देता विचारणारा वैद्यच तिच्या उपयोगी पडतो.

तथापि आपल्या व्यवसायाचा खरा प्रश्न दारूच्या दुकानात नसून औषधांच्या फडताळात आहे. अरिष्ट हे औषध आहे, मद्य नव्हे, असे उत्तर पुष्कळदा ऐकू येते. परंतु त्याच आठव्या अध्यायात, गर्भशल्य निघाल्यानंतर स्त्रीस वेदनांचा विसर पडावा म्हणून जी पेये सांगितली आहेत, त्यांत सुरा व सीधू यांच्या पंक्तीतच अरिष्ट आणि आसव बसविले आहेत. आचार्यांचा मद्याला सरसकट विरोध नव्हता. पण अरिष्टाची जात कोणती, याविषयी त्यांच्या मनात संदेहही नव्हता.

हिशेब करून पाहू. ८ टक्के स्वयंजनित अल्कोहोल असलेले अरिष्ट २० मि.लि. दोन वेळा घेतले, तर दिवसाला ३.२ मि.लि., म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम अल्कोहोल पोटात जाते. समभाग पाणी घातल्याने तीव्रता घटते, प्रमाण नव्हे. मद्यपानाशी याची बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. मात्र अल्कोहोल अपरेतून गर्भापर्यंत पोहोचते, त्याची निर्धोक मात्रा निश्चित झालेली नाही, आणि आपल्याकडील कोर्स महिनोन् महिने चालतात.

शिवाय अवयवनिर्मितीचा काळ तिसऱ्या ते आठव्या आठवड्याचा. त्यातील पहिले दिवस अनेकींच्या लक्षातही येत नाहीत. पाळी लांबली म्हणून दुकानातून परस्पर कुमारीआसव नेणारी स्त्री नेमकी याच काळात असू शकते. ‘शेवटची पाळी केव्हा आली?’ हा प्रश्न औषधविक्रेत्यानेही विचारावयास हवा. संदेह असल्यास बाटली न देता तिला वैद्याकडे पाठवावे.

पर्यायांची आपल्याकडे वाण नाही. पांडूमध्ये लोहासवाऐवजी धात्री लोह, द्राक्षासवाऐवजी भिजविलेल्या काळ्या मनुका देता येतात. बाळंतिणीस दशमूलारिष्ट देण्याचा प्रघात जुना आहे; पण अल्कोहोल स्तन्यातही उतरते, तेव्हा तेथे ताजा दशमूळ क्वाथ द्यावा. तो कडू लागतो व रोज उकळावा लागतो, ही तक्रार रास्त आहे. दोन दिवसांच्या पुड्या बांधून दिल्यास बहुतेकजणी घेतात.