कोकणपट्टीची खनिजे व त्यांची औद्योगिक उपयुक्तता

भायखळ्याच्या राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालय १८७२ साली लोकांस खुले झाले. आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव धारण करणारी ही संस्था मुळात केवळ कलावस्तूंसाठी निर्माण झाली नव्हती. प्रदेशात कोणता कच्चा माल निपजतो व त्यापासून काय घडविता येते, हे एकाच छपराखाली दाखविणे हाही तिचा हेतू होता. कोकणच्या खनिजांबाबत मात्र या दोहोंची सांगड अद्याप पुरती बसलेली नाही. खुद्द मुंबई बेटाच्या खडकात बांधकामाच्या दगडापलीकडे उद्योगास उपयोगी असे फारसे नाही. तेव्हा विचार दक्षिणेकडील किनाऱ्याचाच करावयास हवा.

मालगुंडपासून पूर्णगडपर्यंतच्या पुळणींवर काळी, जड वाळू आढळते. तिच्यात इल्मेनाइट, म्हणजे लोह व टिटॅनियम यांचे संयुक्त ऑक्साइड, असते. सह्याद्रीचा काळा कातळ झिजला, की हे कण सुटे होऊन नद्यांवाटे समुद्रास मिळतात; लाटा सुपाने पाखडावे तसे हलके कण दूर नेतात व जड कण मागे उरतात. या काळ्या वाळूपासूनच रंग, कागद व प्लॅस्टिक यांना लागणारे शुभ्र रंगद्रव्य तयार होते, ही मौजेची गोष्ट होय. तथापि केरळातील चवऱ्याच्या वाळूपेक्षा येथे टिटॅनियमचे प्रमाण कमी आहे. भट्टीत वितळवून लोह वेगळे केल्यास हा दोष दूर होतो, परंतु त्यासाठी विपुल वीज लागते.

सिंधुदुर्गात कासार्डे परिसरातील सिलिका वाळू काचेस व ओतशाळांस उपयोगी पडते. कणकवलीजवळ थोडे क्रोमाइटही सापडते. रेडीचे लोहखनिज दीर्घकाळ कच्च्याच रूपात जहाजांत चढले. तेथे कच्चे लोखंड गाळण्याचा कारखाना निघाला तो पुष्कळ उशिरा.

खरा पेच बॉक्साइटचा आहे. दापोली, मंडणगड व श्रीवर्धन या भागांतील सड्यांवर पावसाने खडकातील सिलिका युगानुयुगे धुऊन नेली आणि ॲल्युमिनियमयुक्त द्रव्य मागे राहिले. सुमारे ४ टन बॉक्साइटपासून २ टन ॲल्युमिना व त्यापासून १ टन धातू मिळतो. या अखेरच्या पायरीस जवळजवळ १४,००० युनिट वीज खर्ची पडते. म्हणून धातूच्या कारखान्यापेक्षा उष्णतारोधक विटा व तुरटी यांसारखे उद्योग येथे अधिक शक्य कोटीतले वाटतात.

परंतु हाच सच्छिद्र जांभा पावसाळ्याचे पाणी धरून ठेवतो. पायथ्याचे झरे, विहिरी व सुपारीच्या बागा त्यावर जगतात. थर खणून नेला, की पाण्याचा तो साठाही जातो. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञगटाने २०११ साली अधिक संवेदनशील क्षेत्रांत नव्या खाणींना मंजुरी देऊ नये अशी शिफारस केली, ती अशाच कारणांनी. निदान सडा खणण्यापूर्वी पायथ्याच्या विहिरींची वैशाखातील पातळी ओळीने काही वर्षे नोंदवून ठेवली पाहिजे. हे काम गावकऱ्यांस दोर व बादली यांवरही करता येण्याजोगे आहे.