पंचवीस वाजून दहा मिनिटांची बस

डिसेंबर २००५ मध्ये गूगलने अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात बस आणि रेल्वेचा प्रवास आखून देणारी सेवा सुरू केली. तिथल्या ट्रायमेट या परिवहन संस्थेच्या बिबियाना मॅकह्यू आणि गूगलचे ख्रिस हॅरेलसन यांनी त्यासाठी वेळापत्रक देण्याघेण्याची जी पद्धत बसवली, तीच आज जीटीएफएस या नावाने जगभर चालते. स्वल्पविरामांनी तोडलेल्या काही मजकूर-फायली एका झिपमध्ये बांधायच्या, एवढंच तिचं तंत्र. एकीत थांबे, एकीत मार्ग, एकीत फेऱ्या. थांब्यांवरच्या वेळांच्या फाइलीतल्या ओळीत फेरीची ओळख, येण्याची वेळ, सुटण्याची वेळ, थांबा आणि त्याचा अनुक्रम असतो. वेळापत्रक लावणाऱ्याला ती एक्सेलमध्ये उघडून चुकलेली वेळ नुसत्या नजरेने पकडता येते. माझ्या मते प्रसाराचं मूळ यातच आहे: माहिती ज्याच्याकडे आहे, त्यालाच ती भरता येते. आणि हे सोपेपण वरवरचं नाही. मध्यरात्रीनंतर एक दहाला येणारी शेवटची बस इथे २५:१०:०० अशी लिहितात, कारण ती फेरी आदल्या दिवसाच्या वेळापत्रकातली असते. कामाची जाण असल्याशिवाय असा नियम सुचत नाही.

यावर जाणकारांचा आक्षेप असा, की युरोपच्या ट्रान्समॉडेल या परिवहन-माहितीच्या मानकात गाड्या आणि चालकांच्या पाळ्यांपर्यंत सगळं मावतं, मग एवढं गाळून काय साधलं? संस्थेच्या आतल्या नियोजनाला जीटीएफएस अपुरी आहे, हे खरंच. गुंतागुंतीची भाडीही तिच्या मूळ आराखड्यात बसत नव्हती. पण प्रवाशाला चालकाची पाळी कळायची गरज नसते, आणि गाळलेलं पुढे जोडता येतं. धावत्या गाडीची ताजी माहिती २०११ मध्ये स्वतंत्र जोड म्हणून आली. आधीच्या फायली त्यामुळे बाद झाल्या नाहीत. मला जास्त बोचतो तो दुसरा आक्षेप. थांब्यावर व्हीलचेअर चढवता येते का, हा रकाना ऐच्छिक आहे. तो रिकामा असेल तर अर्थ ‘माहिती नाही’ एवढाच होतो, आणि घरातून निघावं की नाही हे त्या प्रवाशाला कळत नाही. तरी रकाना सुरुवातीलाच सक्तीचा केला असता, तर लहान संस्थांनी वेळापत्रकही दिलं नसतं. म्हणून सक्ती मानकात नको, अनुदानाच्या अटीत हवी: सार्वजनिक पैसा घेणाऱ्या संस्थेने ठरलेल्या मुदतीत प्रत्येक थांबा पाहून हा रकाना भरावा.